इथे वेगळं ताट मिळत नाही

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. नाव छापून आलं तर तिथल्या चार माणसांना बरं वाटेल, आणि त्यांना बरं वाटावं असं मला अजूनही वाटत नाही. मुरबाडकडे, म्हसा गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे, एवढं पुरे. खाली भात पिकतं, वर माळावर नाचणी आणि वरी होते, आणि गावकी आहे. गावकी म्हणजे गावातल्या बाप्यांची बैठक. होळीला पहिला नारळ कोणाचा, देवाची पालखी कोणाच्या दारात थांबायची, कोणी कोणाच्या घरी जेवायचं, हे सगळं ती ठरवते. माझ्या लहानपणी त्या गावकीचा म्होरक्या सावळाराम होता. माझ्या वडिलांचा तो चुलतभाऊ, वयाने मोठा. म्हणजे मी त्याला काका म्हणायला हवं. मी म्हणत नाही.

ही हकीकत माझ्या आईची आहे. तिचं नाव बाईजा, आम्ही तिला आय म्हणतो. आय ठेंगणी आहे, चालते भरभर, बोलते कमी. तिच्या हाताला चव आहे आणि डोक्यात राग आहे. लोक म्हणतात, राग विसरावा. आयला विसरायची सवयच नाही. घरातली सुई कुठल्या कोनाड्यात ठेवली ते ती जसं लक्षात ठेवते, तसंच कोण कधी काय बोललं तेही लक्षात ठेवते.

तिला एक धाकटी बहीण होती, सोमी. लग्न झालं त्याच वर्षी सोमीचा नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी तिला परत धाडली. माहेरी आईबाप राहिले नव्हते, म्हणून ती आमच्याकडे आली. आमच्या घरी तिने शेण काढलं, लावणी केली, मला कडेवर घेऊन फिरवलं. मग आटगावच्या धाऊशी तिचं जमलं. धाऊची स्वतःची जीप होती, शहापूर-मुरबाड सीटा भरायचा. दारूला शिवत नव्हता. फक्त आमच्या जातीचा नव्हता. आयने दोघांचं लग्न आमच्या अंगणात लावलं, आणि आलेल्यांना स्वतःच्या हाताने रांधून वाढलं. गावातलं काळं कुत्रं आलं नाही.

आठवड्याभरात गावकी बसली आणि आमचं घर वाळीत पडलं. आमच्याकडे कोणी खायचं नाही, आम्हाला कोणी पंगतीला घ्यायचं नाही. परत यायचं तर अट अशी की सोमीचं तोंड बघायचं सोडायचं आणि गावाला जेवण घालून माफी मागायची. बा तयार झाला होता. माझा बा, नामा त्याचं नाव, भला माणूस आहे. पण कोणी आवाज चढवला की त्याला गोठ्यात काहीतरी काम आठवतं. आयने बैठकीच्या ओट्यासमोर उभं राहून सांगितलं की जेवण घालीन, पण वाढायला सोमी असेल. हे सांगताना तिने डोक्यावर पदर घेतला होता, कारण सावळाराम नात्याने तिचा मोठा दीर. त्याच्यासमोर मान वर करून बोलायचं नाही, त्याच्यासमोर बसायचं नाही, त्याच्यासमोर घास खायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. तिने मान खाली घालूनच सांगितलं. ते कोणालाही आवडलं नाही.

मग त्र्याण्णव सालच्या वैशाखात भिमी आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. आत्या बाची सख्खी बहीण, दिलेली दुसऱ्या गावी. तिने आम्हाला आवतण दिलं. तिला वाटलं, आपल्या गावी आपल्या मांडवात आपल्या भावाला कोण अडवतो. आम्ही गेलो. बायकांची आणि पोरांची पंगत बसली, मी आयच्या मांडीला मांडी लावून बसले. पत्रावळीवर भात, वरण, बटाट्याची भाजी आली, बुंदी आली. मी बुंदीपासून सुरुवात केली. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी सावळाराम दिसला. तो आत्याच्या नवऱ्याला म्हणाला, "यांना उठवा, नायतर आमचं गाव उठतं."

आत्या हात जोडून उभी राहिली. तिच्या नवऱ्याने वर मांडवाकडे बघितलं, जणू तिथे काही लिहिलेलं होतं. कोणीच काही करेना तेव्हा सावळाराम स्वतः पंगतीत शिरला. त्याने आयपुढची पत्रावळ ओढली. मग माझी ओढली. मी सहा वर्षांची होते. मी दोन्ही हातांनी पत्रावळ धरून ठेवली, ती मधोमध फाटली आणि वरण माझ्या नव्या झग्यावर सांडलं.

हे सगळं मला आठवतं, पण त्याहून जास्त एक आठवतं. पंगत जेवत होती. समोरच्या ओळीत सावळारामची बायको सकुबाई होती, आयची जाऊ. आदल्या सालापर्यंत दोघी एका उखळात भात कांडायच्या. ती जेवत होती. पलीकडून कोणीतरी मठ्ठा मागितला, आणि मठ्ठा आलाही.

घरी आल्यावर तिने माझा झगा धुतला, वाळत घातला, आणि मग बाला, मला आणि माझ्या थोरल्या भावाला, सुनिलला, समोर बसवून सांगितलं. "जवर या मानसाला भरल्या ताटावरनं मी उठवत नाय, तवर मी कोनाच्या पंगतीत बसनार नाय."

आमच्याकडे बायका रागात पुष्कळ काही बोलतात. बाला वाटलं, दोन महिन्यांत उतरेल. आय खरोखर बसली नाही. धाऊच्या घरी सोमीचं डोहाळजेवण झालं, तिथे ही रांधून वाढून उपाशी परत आली. तिच्या मामेभावाच्या लग्नात ती फडक्यात भाकर बांधून घेऊन गेली आणि मांडवाबाहेर चिंचेखाली बसून खाल्ली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला तेव्हा फार लाज वाटायची. आता वाटत नाही; आता मला त्या हसणाऱ्या बायकांची नावं पाठ आहेत.

पोट भरायला मात्र काहीतरी करायला हवं होतं. गावात आम्हाला मजुरीला कोणी बोलवेना, आमच्या लावणीला कोणी येईना. म्हणून आयने पौषात म्हशाच्या जत्रेत खानावळ टाकली. वर ताडपत्री, खाली तीन दगडांच्या चुली, मटण आणि तांदळाची भाकर. बैलबाजाराला आलेली माणसं लांबलांबची, त्यांना कोण वाळीत आणि कोण गावकीत याचं काय. आयच्या मटणाचा वास बाजाराच्या त्या टोकाला जायचा. तिसऱ्या दिवशी बघते तर काय, आमच्याच गावची माणसं ओळीने येऊन बसलेली. जेवली, बोटं चाटली, पैसे टाकले आणि गेली. आयने एकाला विचारलं, आता कसं चालतं? तो म्हणाला, ही पंगत थोडीच हाय, हे तं हॉटेल. हॉटेलात पैसे टाकून खाल्लं तर बाट लागत नाही, असा आमच्या गावकीचा कायदा निघाला. आय म्हणाली, म्हणजे पैसे टाकले की मी शुद्ध.

सावळाराम स्वतः आला नाही. त्याने आपल्या गड्याला, बुधूला, डबा घेऊन पाठवलं. मला वाटलं, आय डबा फेकून मारणार. तिने त्यात चांगले तुकडे घातले, वर रस्सा ओतला. मी चिडून विचारलं, त्याला कशाला? ती झाकण लावत म्हणाली, "चव लागूं दे."

दर जत्रेला डबा येत राहिला. दर जत्रेला ती भरत राहिली.

सुनिल त्या चुलींवरच स्वयंपाक शिकला. दहावीला नापास झाल्यावर तो कल्याणला एका कॅन्टीनमध्ये लागला, तिथून रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या मेसमध्ये, आणि त्या कंत्राटदाराला इथिओपियात काम मिळालं तेव्हा मेससकट सुनिलही गेला. हा देश कुठे आहे ते बाला कोणी सांगू शकेना. एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याने सांगितलं की आफ्रिकेत, आणि बा आठवडाभर जेवला नाही नीट. सुनिल तिथे चार वर्षं राहिला. मेसमध्ये भांडी घासायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला स्वतःच्या घरी नेऊन तिथलं जेवण शिकवलं. परत आला तेव्हा तोंडात सारखं तेच.

तिकडे आंबवलेल्या पिठाची परातीएवढी आंबोळी करतात. तिला इंजेरा म्हणतात. एका बाजूने भाजायची, वर नुसती जाळी पडते. ती परातीत पसरायची आणि तिच्यावरच सगळ्या भाज्या, डाळ, कोंबडीचा लाल रस्सा, उकडलेली अंडी असे ढीग लावायचे. आणि अख्ख्या घराने त्या एका परातीभोवती बसून, इंजेराचाच तुकडा तोडून, त्यात भाजी धरून खायचं. चमचा नाही, वेगळं ताट नाही. त्यातला एक पदार्थ शिरो. सुनिलने मोठ्या कौतुकाने करून दाखवला. आयने चाखला आणि म्हणाली की समुद्र ओलांडून पोरगं पिठलं शिकून आलं.

पण तिने पीठ मात्र हातात घेतलं. तिकडचं धान्य इथे मिळत नव्हतं, तिने नाचणी घेतली, थोडे तांदूळ घातले, आंबवायला ठेवून दिलं. पहिले दोन घाणे तव्याला चिकटले. तिसऱ्याला जाळी पडली, आणि सुनिल तव्यासमोर उभा राहून हसत राहिला.

मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इथिओपियाची काही पोरं काम शिकायला आली होती. ती इथल्या वरणभाताला कंटाळलेली. सुनिलने त्यांना डबे सुरू केले, मग कल्याण रस्त्याला पत्र्याची एक मोठी शेड घेतली, बाहेर बोर्ड लावला. दोन हजार सहा सालची गोष्ट. ती पोरं शिकून परत गेली, तोवर मुरबाडच्या लोकांना चटक लागली होती. शेतकरी, मास्तर, तालुक्याच्या कचेरीतले लोक रविवारी बायकापोरं घेऊन यायचे. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर जेवत नाही, आणि इथे तर एकाच परातीत हात घालायचा. पहिल्यांदा सगळे अवघडून बसायचे. मग एखादं पोरगं अंड्यावर झडप घालायचं, म्हातारी हसायची, सुनेचा हात हळूच पुढे यायचा. एकदा एक सासरा आपल्या बाजूची कोंबडी सुनेकडे सरकवत होता, आणि सून पदराआडून ती परत ढकलत होती. मी ते बघायला पाण्याचा जग घेऊन तिथेच उभी राहिले.

तिकडची आणखी एक रीत सुनिल सगळ्यांना सांगायचा. जेवताना एकमेकांना स्वतःच्या हाताने घास भरवायचा. ज्याला भरवतो त्याने तोंड उघडायचं. नाही उघडलं तर भरवणाऱ्याचा अपमान. नवरेमंडळी लाजायची, बायका जास्त लाजायच्या, पण सगळे भरवायचे. आय चुलीपाशी बसून दाराच्या फटीतून हे बघायची. सुरुवातीला कोणी वेगळं ताट मागितलं तर सुनिल द्यायचा. आयने ते बंद केलं. त्यावरून दोघांचं भांडण झालं, सुनिल म्हणाला गिऱ्हाईक जाईल, आय म्हणाली जाऊ दे. शेवटी भिंतीवर रंगवून घेतलं, इथे वेगळं ताट मिळत नाही.

सावळारामचा मुलगा वाल्मिक आता एमआयडीसीत कामगार पुरवायचा. गळ्यात साखळी, दारात गाडी. तो आमच्याकडे मित्रांना घेऊन खूपदा यायचा, आरामात जेवायचा. हॉटेल ते हॉटेल. सावळाराम मात्र कधी आला नव्हता. गावात वाळीत टाकण्याचं आता कोणी नाव काढत नव्हतं, लोक आमच्याशी बोलत, चहाही घेत. पण गावकीने आम्हाला परत घेतलेलं नव्हतं, आणि सावळाराम आयसमोरून जाताना अजून दुसरीकडे बघत होता.

पुढच्या सालच्या माघात वाल्मिकचा फोन आला. त्याच्या मुलीचं, समीक्षाचं, कल्याणला जमत होतं. मुलाचे वडील शाळेत मास्तर. त्यांनी आमच्या हॉटेलबद्दल ऐकलं होतं, आणि बोलणी तिथेच जेवता जेवता करू, अशी त्यांची हौस. रविवारी दुपारी सगळे येणार होते. बाबापण येनार, असं वाल्मिक म्हणाला.

सुनिलने फोन ठेवला आणि आयकडे बघितलं. त्याने तिच्याकडून कबूल करून घ्यायचा प्रयत्न केला की ती बाहेर येणार नाही. बाने तर सांगितलं की झालं गेलं, आता पोरांचा धंदा नीट चाललाय. आय पीठ ढवळत होती. ती म्हणाली, मी काय करणार? जेवायला वाढणार.

रविवारी सकाळी कोंबडी साफ करताना मी तिला एकटीला गाठून विचारलं. तिने माझ्यापासून काही लपवलं नाही. पहिला घास भरवायला ती स्वतः जाणार होती, सगळ्यांना. पाहुण्यांसमोर सावळारामला तिच्या हातचा घास घ्यावा लागेल. हाताने भरवलेल्या घासाला पैसे पडत नाहीत; तो घेतला तर आम्हाला वाळीत टाकल्याचा त्याच्या गावकीचा ठराव त्याच्याच तोंडाने मोडला. नाही घेतला तर त्याला परातीवरून उठावं लागेल, आणि का उठला ते व्याह्याला सांगावं लागेल.

"खाल्लं तरी माझं, उठला तरी माझं," आय म्हणाली.

मी विचारलं, आणि समीक्षा? तिने काय केलंय?

"तिच्या पुढचं मी ओढनार नाय," एवढंच ती म्हणाली आणि सुरी धुवायला घेतली.

दुपारी ते आले. मास्तर, त्यांची बायको, मुलगा. वाल्मिक, समीक्षा, सकुबाई. सगळ्यांच्या मागून सावळाराम, पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. तो फार म्हातारा झाला होता. मला ते बघून वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. मी बांबूच्या उंच टोपलीवर सगळ्यांत मोठी परात ठेवली, सगळे बुटक्या स्टुलांवर गोल बसले. मास्तर इंजेराला बोट लावून बघत होते, त्यांची बायको हे आंबवलं कशात म्हणून विचारत होती, समीक्षा आणि मुलगा एकमेकांकडे न बघण्यात गुंतले होते. खरं सांगायचं तर चांगली माणसं होती.

सावळारामने मला खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, मला वेगळ्या ताटात आण. मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्याने वाल्मिककडे बघितलं. वाल्मिक दात आवळून म्हणाला की बाबा, आज नको.

आणि आय बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं. सकुबाईच्या ते आधी लक्षात आलं. तिचा हात आपसूक स्वतःच्या पदराकडे गेला. आयने पाहुण्यांना हात जोडले, आणि या जेवणाची रीत सांगितली. पहिला घास रांधणारीने भरवायचा. मास्तरांना ती फार आवडली. त्यांनी चष्मा वर करून लहान मुलासारखं तोंड उघडलं. मग त्यांच्या बायकोला, मुलाला, समीक्षाला. समीक्षा हसली. वाल्मिकने घाईने गिळला. सकुबाईने तोंड उघडताना डोळे मिटले.

मग आयने इंजेराचा तुकडा तोडला, त्यात कोंबडीचा रस्सा धरला, आणि सावळारामसमोर उभी राहिली. सुनिल गल्ल्यापाशी उभा होता, त्याच्या हातातली पावती तशीच राहिली. बा कधीच मागच्या दाराने निघून गेला होता. सावळारामने तोंड मिटून घेतलं. आयने हात पुढे केला, थेट त्याच्या ओठांपाशी.

मास्तर हसत म्हणाले, "घ्या ना आजोबा, लाजताय काय?"

सावळारामने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आयच्या हाताकडे. आणि त्याने तोंड उघडलं.

इतकं सोपं. जराही खळखळ नाही. कल्याणचा एक मास्तर हसून म्हणाला, आणि चौदा वर्षं गावाला धाकात ठेवणारं ते तोंड उघडलं. आत चार दात होते. जीभ थोडी पुढे आली होती; रश्शाचा वास त्याच्या नाकात गेला होता. मी आयकडे बघितलं. ती जिंकली होती, तिनेच सकाळी सांगितलं होतं. पण तिचा चेहरा मी पत्रावळ फाटली तेव्हाही असा बघितला नव्हता. मला तेव्हा कळलं की हे तिला नको होतं. तो घास घेणं त्याला जर एवढं हलकं होतं, तर तो कधीही घेऊ शकला असता. सोमीच्या लग्नात घेऊ शकला असता.

आयने हात मागे घेतला. तो घास तिने स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

"तुमी उठा, भावजी," ती म्हणाली.

त्याचं तोंड अजून उघडंच होतं. वाल्मिक अर्धवट उठून काकी, हे काय, असं काहीतरी म्हणू लागला. मास्तरांनी विचारलं, काय झालं? आयने माझ्या दंडाला धरून मला, हातातल्या पाण्याच्या जगासकट, पुढे ओढलं. ती मास्तरांशी बोलली, पण बघत होती सावळारामकडे.

"ही माझी लेक. ही सहा वर्सांची होती. लग्नाच्या पंगतीत हिच्या पुढचं जेवन यांनी आपल्या हातानं ओढलं. माझ्या बहिनीनं दुसऱ्या जातीत लगीन केलं म्हनून."

शेडमध्ये बाकीच्या टेबलांवर रविवारची माणसं होती, त्यांचेही हात थांबले. मास्तरांनी सावळारामला विचारलं, खरं आहे का हे? सावळाराम म्हणाला, ती गावाची रीत होती. मग तो सगळ्यांकडे बघत राहिला, एकेकाकडे. कोणीतरी आपल्या बाजूने बोलेल याची तो वाट बघत होता. मास्तरांनी मान खाली घातली आणि परातीतलं अंडं फोडून अर्धं बायकोच्या बाजूला ठेवलं. मुलाने समीक्षाकडे डाळ सरकवली. समीक्षाने मान वर केली नाही, पण तुकडा तोडला. सकुबाई जेवत होती. तिचे डोळे वाहत होते, पण ती जेवत होती.

शेवटी वाल्मिक बोलला. "बाबा, तुमी गाडीत बसता का थोडा टाइम?"

सावळाराम उठला. उठताना गडबडीत आधाराला टाकलेला त्याचा हात परातीच्या कडेच्या डाळीत पडला आणि बरबटला. दुसऱ्या हाताने त्याने काठी शोधली. ती मी उचलून दिली, त्याला लवकर जाता यावं म्हणून. तो दारापर्यंत गेला, पायरीवर थांबला, चपला पायाने चाचपू लागला. त्याच्याबरोबर कोणी उठलं नाही.

त्याचं स्टूल रिकामं पडलं होतं. आय तिथेच उभी होती. सकुबाई थोडी बाजूला सरकली. चौदा वर्षांत तिने आयला हाक मारली नव्हती.

"बस, बाईजा," ती म्हणाली.

आय बसली. मोठ्या दिराच्या जागेवर, परक्या पाहुण्यांमध्ये, उघड्या डोक्याने. तिने समोरचा इंजेरा तोडला, त्यात शिरो धरला, आणि तोंडात घालायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"शीतल, दार लोटून घे."

मी दाराशी गेले. सावळाराम पायरीवरच होता. चपला घालून झाल्या होत्या, पण तो गाडीकडे गेला नव्हता. बरबटलेला हात त्याने अंगापासून लांब धरला होता, पांढऱ्या धोतराला लागू नये म्हणून. मला बघून तो म्हणाला, "पोरी, वाईच पानी दे गो. हात धुतो."

पाण्याचा जग माझ्या हातातच होता. मी त्याच्याकडे नीट बघितलं, आणि दार लोटलं. आत आय जेवत होती.